ग्रीन स्टार पॉलिप बंदच राहत असतील तर: माझा अनुभव

इंदूरमधील आमच्या घरच्या रीफ टाकीत (जिवंत प्रवाळांच्या, खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात) जांभळ्या पापुद्र्यावर वाढणारे ग्रीन स्टार पॉलिप, म्हणजे एका मऊ प्रवाळाचे फुलासारखे हिरवे जीव, उन्हाळा लागताच उघडेनासे झाले, पापुद्र्याचा रंग मात्र शाबूत होता. पूर्वीच्या छायाचित्रांत प्रत्येक पॉलिपला आठच स्पर्शक दिसत असल्याने ते झोअँथिड (दिसायला असेच, पण जास्त स्पर्शकांचे दुसरे पॉलिप) नव्हेत, हे निश्चित झाले. (झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असू शकते, म्हणून अनोळखी पॉलिप हातमोज्यांशिवाय हाताळू नयेत.) प्रकाश कमी केला, प्रवाह वाढवला, आयोडीन घातले, उपयोग शून्य, वैताग भरपूर.

कारण निघाले खारेपणाचे. टाकी थंड ठेवणाऱ्या पंख्यामुळे पाणी वेगाने उडते आणि मीठ मागे राहते. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) दाखवत होता, पण शुद्ध पाण्याऐवजी ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर तो जुळवून घेतल्यावर खरा आकडा ३९ निघाला.

त्यानंतर रोज टाकीतील सुमारे अडीच टक्के पाणी काढून तेवढेच, त्याच तापमानाचे आरओ पाणी प्रवाहाच्या जागी सावकाश सोडले, ज्यामुळे खारेपणा दिवसाला साधारण १ पीपीटीच उतरतो. याहून घाई करू नये. ३५ गाठल्यावर पापुद्र्यावरचा गाळ पिपेटच्या हलक्या झोताने उडवला. काचेवर पातळीची खूण केली असून उडालेले पाणी सकाळ-संध्याकाळ फक्त आरओ पाण्याने भरून काढतो, मिठाच्या पाण्याने कधीही नाही. आधी कडेचे पॉलिप उघडले, मागाहून मधले.