उन्हाळ्याच्या सुरुवातीला डोंगराळ भागाचा हवामान अंदाज बघताना या चुका टाळा

समुद्रापासून लांबचा डोंगराळ भाग आणि उन्हाळ्याची सुरुवात, हे दोन्ही एकत्र आलं की अंदाज वाचायची आपली मैदानातली सवय उपयोगी पडत नाही. मैदानात "कमाल 28, थोडे ढग" वाचलं की विषय संपला, इथे तो 28 चा आकडा खाली दरीतल्या गावाचा असतो आणि आपण निघालेलो असतो दोन किलोमीटर वर.

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. अ‍ॅपमधे जवळच्या गावाचं नाव टाकायचं आणि जे तापमान येईल ते अख्ख्या भागाला लावून मोकळं व्हायचं. दर 1000 मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशाने थंड होते, दुपारी कोरडी हवा खालून वर उसळत असेल तर हा फरक जवळजवळ 10 अंशापर्यंत जातो. म्हणजे 800 मीटरवर 28 असेल तर 2800 मीटरवर 15 धरा, कधी त्याहूनही कमी, आणि वरच्या धारेवर वारा असतो तो वेगळाच. त्यामुळे आधी बघायचं की हा आकडा नक्की किती उंचीचा आहे, आणि मग फ्रीझिंग लेव्हल शोधायची, म्हणजे ज्या उंचीवर हवा शून्य अंशाला येते ती. ढग बरसणार असतील तर बर्फ साधारण त्या लेव्हलच्या 200-300 मीटर खालपर्यंत पडू शकतो, सर जोरात असेल तर अजून खाली. उन्हाळा लागला म्हणून वर बर्फ पडणार नाही असं अजिबात समजू नका.

अ‍ॅप असं का करतं तर ते ज्या मॉडेलवरून, म्हणजे हवामानाचं गणित मांडणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमवरून, अंदाज घेतं त्याला आपला डोंगर दिसतच नाही. युरोपियन सेंटर या युरोपातल्या देशांच्या हवामान केंद्राचं जागतिक मॉडेल साधारण 9 किलोमीटरच्या चौकटी धरून चालतं, अमेरिकेच्या हवामान खात्याचं जीएफएस हे मॉडेल 13 च्या आसपास. तेवढ्यात एक दरी, तिचा कडा आणि पलीकडचा उतार सगळं मावतं, आणि मॉडेल त्या सगळ्याची मिळून एकच सरासरी उंची धरतं.

दुसरी चूक सीझनच्या अंदाजाची. "यंदा उन्हाळा सरासरीपेक्षा गरम राहायची शक्यता 50 टक्के" असं आलं की लोक तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारचं प्लॅनिंग त्यावर करायला लागतात. हे अंदाज कसे बनतात बघा, आधीच्या 30 वर्षांचा, हल्ली बहुतेक ठिकाणी 1991 ते 2020 चा, रेकॉर्ड घेऊन त्याचे तीन सारखे भाग करतात, गरम, नॉर्मल आणि थंड. काहीच इशारा नसेल तर प्रत्येकाला 33 टक्के. म्हणजे 50 हा कल आहे, चांगला कल आहे, पण उरलेले 50 टक्के नॉर्मल आणि थंड यांच्यात वाटलेले असतात हे विसरायचं नाही. शिवाय तो पूर्ण तीन महिन्यांबद्दल बोलतोय, तुमच्या शनिवारबद्दल त्याला काहीच म्हणायचं नाहीये. पावसाच्या बाबतीत तर मी त्यावर अजूनच कमी विसंबतो, कारण डोंगरात या दिवसांतला बराचसा पाऊस एकेका दरीपुरता येतो. त्याऐवजी डोंगरावर अजून बर्फ किती उरलाय ते विचारा. बर्फ आणि ओली माती असली की उन्हाची ताकद आधी वितळवण्यात आणि वाळवण्यात जाते, जमीन लवकर तापत नाही, कोरडी माती मात्र पटकन तापते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यात जीव जातात म्हणून नीट सांगतो. सकाळी आकाश स्वच्छ निळं आहे म्हणजे दिवस चांगला, ही समजूत सोडा. ऊन उतारांवर पडतं, उतार तापतात, दरीतली हवा वर चढायला लागते आणि दहा-अकरापर्यंत शिखरांवर कापसासारखे ढग दिसायला लागतात. ते आडवे पसरत असतील तर ठीक, उभे वाढत असतील तर दुपारी दोन ते सहामधे गडगडाट, वीज, गारा यांची तयारी ठेवा. मी स्वतः एकदा असे उभे ढग दिसत असूनही "अजून अर्धा तास" म्हणून वर थांबलो होतो, उतरताना उघड्या धारेवर विजा सुरू झाल्या आणि ती भीती अजून गेलेली नाही. तेव्हापासून दुपारी बाराच्या आत शिखर सोडायचं, मग वर पोचलो असू वा नसू. चमक दिसल्यावर सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर, पण गडगडाट ऐकू आला याचाच अर्थ वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर पुढची 30 मिनिटं उघड्यावर यायचं नाही.

रडारवर काही नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, डोंगर रडारचा किरण अडवतात आणि मागची दरी रिकामी दिसते. कोरड्या भागात तर पाऊस जमिनीपर्यंत पोचायच्या आधीच वाळून जातो, ढगाखाली नुसत्या करड्या झालरी लोंबताना दिसतात, पण त्यामुळे थंड झालेली हवा जोरात खाली कोसळते आणि वारा अचानक सुटतो. वीज मात्र पडतेच, आणि वणवे अशाच दिवशी लागतात.

ओढ्यांचंही तसंच आहे, पाऊस नसला तरी पाणी वाढतं. दुपारचं वितळलेलं बर्फ संध्याकाळपर्यंत ओढ्यात येतं, आणि जे सकाळी गुडघ्याएवढं होतं ते परतताना कमरेपर्यंत असू शकतं. ओढा पहाटे ओलांडा.

रात्री तंबू दरीच्या अगदी तळाशी लावू नका, निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन तिथेच साचते आणि दिवसा 25 असलेल्या जागी पहाटे दंव गोठलेलं मिळू शकतं, थोडं वर उतारावर त्यापेक्षा ऊब असते.

आणि दोन अ‍ॅप दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतील तर आवडेल ते निवडू नका. दोघांची उंची आणि अंदाज अपडेट झाल्याची वेळ तपासा, तरीही पटत नसेल तर दिवसाचं चिन्ह सोडून तासातासाचा अंदाज उघडा, तिथल्या हवामान खात्याने लिहिलेला मजकूर असेल तर तो पूर्ण वाचा, आणि दोन्हीतला जो वाईट असेल त्या हिशोबाने परतीची वेळ ठरवा.