आयथ्री: प्रत्येक खिडकीला तिची जागा

रत्नागिरीतील आमच्या हापूसच्या विक्रीचा हिशेब, ग्राहकांच्या मागण्या आणि कुरिअरच्या पावत्या मी एकाच जुन्या लॅपटॉपवर सांभाळतो; त्यावर लिनक्स आणि आयथ्री हा विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावर खिडक्यांची मांडणी करणारा प्रोग्राम, आहे. आयथ्री नवी खिडकी चालू वर्कस्पेसमध्येच (खिडक्या ठेवायच्या आभासी पडद्यावरच) उघडतो आणि आधीच्या खिडक्या आक्रसतात, त्यामुळे ऐन हंगामात हिशेबाच्या तक्त्याचे रकाने वाचण्याजोगे उरत नसत.

उपाय आयथ्रीचे नियम लिहायच्या कॉन्फिग फाइलमध्ये होता. टर्मिनलमध्ये एक्सप्रॉप ही खिडकीची माहिती दाखवणारी आज्ञा चालवून हव्या त्या खिडकीवर क्लिक केले की डब्ल्यूएम_क्लास या ओळीत दोन नावे दिसतात. पहिले इन्स्टन्सचे असते, दुसरे क्लासचे (यावरून खिडकी कोणत्या प्रोग्रामची ते ओळखता येते), आणि खिडकीला वर्कस्पेस नेमून देणाऱ्या असाइनच्या नियमात हे दुसरे नाव लिहून मी ब्राउझरला २, तर तक्त्याला ३ क्रमांकाचे वर्कस्पेस नेमून दिले. मॉड (आयथ्रीच्या आज्ञांसाठी ठरवलेली कळ), शिफ्ट आणि सी दाबून फाइल पुन्हा लोड केली, तरी आधीच उघडलेल्या खिडक्या जागच्या हलत नाहीत, कारण हा नियम नव्या खिडक्यांनाच लागतो. काही प्रोग्राम आपला क्लास खिडकी उघडल्यानंतर जाहीर करतात, त्यामुळे असाइनला ते ओळखता येत नाहीत. पावत्यांचा प्रोग्राम त्यांतलाच निघाला, म्हणून त्याची खिडकी फॉर_विंडोच्या नियमाने ४ वर हलवावी लागली. वर्कस्पेसना नावे देण्याचा सोस मात्र मी केला नाही. बोटांना आकडेच बरे पडतात.