सांगलीत वडा-ब्रेड खायचा कसा

मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहायला बसून मला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सकाळचा नाष्टा घरी केल्याचे दिवस बोटावर मोजण्याइतकेच. गेल्या साली भाचा कोथरूडहून वालचंद कॉलेजात शिकायला आला. पहिल्याच सकाळी त्याला गाड्यावर नेलं, तर बशी बघून म्हणतो कसा, "मामा, पाव कुठाय?" त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

पाव नसेल तर दचकू नका. वडापाव जन्मला दादर स्टेशनाबाहेर, 1966 च्या सुमारास, अशोक वैद्यांच्या गाडीवर, असं सांगतात. तो मुंबईचा. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडं बऱ्याच गाड्यांवर वड्यासोबत स्लाइस ब्रेड मिळतो, मिसळीसोबतसुद्धा. ब्रेड भाजून मागू नका. गाडेवाला नाही म्हणणार नाही, पण भाजलेला ब्रेड कट, म्हणजे सोबतचा तिखट रस्सा, पीत नाही आणि मग सगळीच मजा जाते.

गाड्यावर पोचलात की लगेच ऑर्डर सोडू नका. आधी कढईकडं बघा. परातीत वडे रचून ठेवलेले असतील आणि कढई शांत असेल, तर सरळ विचारा, "अण्णा, पुढचा घाणा कधी?" पाच-सात मिनिटं म्हणाले तर थांबा. सकाळी आठ-साडेआठला, हमालांची गर्दी असते तेव्हा, घाण्यावर घाणा निघतो, परातीत वडा टिकतच नाही. अकरानंतर जाल तर गार वडा परत तेलात बुडवून मिळेल. तो वरून कडक, आतून कोमट, आणि तेल पिऊन जड झालेला असतो.

आता ताटात आल्यावर काय करायचं. वडा एका स्लाइसवर ठेवा, तळहातानं हलकेच दाबा. फुटून पसरला पाहिजे, पण बेसनाचं आवरण सुटता कामा नये. वर कच्चा कांदा, मग दुसरी स्लाइस. तळलेली मिरची आत घालू नका. ती डाव्या हातात धरून अधनंमधनं चावायची. मीठ लावलेली असते, तिखटपणा मिरचीमिरचीगणिक वेगळा. माझा एकदा अंदाज चुकला आणि अर्धा तास वहीत आकडेच दिसेनात.

खरी गोष्ट कटाची. पुण्यात सॅम्पल म्हणतात, आम्ही कट म्हणतो. तो होतो आमच्या चटणीवर, आणि इथंच बाहेरचा माणूस फसतो. आमच्याकडं 'चटणी' म्हटलं की कांदा-लसूण मसाला: मिरची, भाजलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं, धणे असं सगळं एकत्र कुटलेलं लाल तिखट. भाच्यानं हिरवी चटणी समजून "जरा जास्त चटणी" मागितली होती. पुढचं सांगत नाही.

कट ब्रेडवर ओतू नका, लगदा होतो. वाटीत वेगळा घ्या आणि प्रत्येक घासाचा कोपरा तेवढा बुडवा. वर लाल तवंग असतो, तो चमच्यानं बाजूला सारला की खालचा रस्सा निम्म्यानं सौम्य लागतो. कट संपला तर वाटी पुढं करायची. मी जातो तिथं दुसऱ्यांदा पैसे घेत नाहीत. तिसऱ्यांदा मात्र अण्णा नुसतं बघतात.

वड्याचं सारण पिवळं दिसलं तर रंग घातलाय का म्हणून विचारू नका. हळद आहे ती. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि हरिपुरात तर ती जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. पेढीवरचा माणूस आहे, एवढं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पार्सल शक्यतो नकोच. नेणारच असाल तर घरनं डबा न्या, कट वेगळ्या भांड्यात. वर्तमानपत्रात बांधलं की छपाईची शाई वड्याला लागते.

संध्याकाळी विश्रामबागेकडं बीट-काकडीचं सँडविच मिळतं, कच्छच्या मांडवीहून आलेली दाबेलीही मिळते. चांगली असते. भाचा आता तिकडंच जातो मित्रांबरोबर, पण रविवारी सकाळी आठला न चुकता माझ्या दारात उभा असतो.

पैसे खाऊन झाल्यावर द्यायचे. किती खाल्लं ते कुणी लिहून ठेवत नाही, तुम्हीच सांगायचं, "दोन वडा-ब्रेड, एक चहा." चहा विसरू नका, तो अण्णांच्या बरोबर लक्षात असतो.