जुन्या पिकअपची फ्युएल लाइन गळतेय? होज (रबरी नळी) कुठे चालतो, पाइपच कुठे लागतो

जुन्या पिकअपचा लोखंडी फ्युएल पाइप बहुतेक वेळा क्लिपखाली कुजतो. क्लिपमध्ये चिखल आणि ओल साठते, वरून नुसता डाग दिसतो आणि आत पत्रा कागदासारखा झालेला असतो. टाकीच्या वरचा भाग आणि मागच्या अॅक्सलजवळचं वळण याही नेहमीच्याच जागा. थेंब पडतो तिथेच भोक असेल असं नाही. इंधन पाइपवरून ओघळत सगळ्यात खालच्या वळणावर येतं. पाइप पुसून कोरडा करा आणि ओल वर कुठपर्यंत जाते ते बघा.

डिझेल गाडीत टाकी ते फीड पंप (टाकीतून इंधन ओढणारा पंप) ही ओढणारी बाजू. इथलं बारीक भोक गळेलच असं नाही, पण हवा घेतं. सकाळी खूप सेल्फ मारावा लागतो, ते यामुळेही. फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता लावला की बुडबुडे दिसतात.

काम उघड्यावर आणि इंजिन थंड असताना. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. तारेचा हँडलॅम्प वापरू नका: बल्ब फुटला की ठिणगी आलीच. अग्निशामक हाताशी हवा.

आता खरा प्रश्न, होज लावायचा की पाइप. कार्ब्युरेटरच्या लाइनला साधारण ४ ते ७ पीएसआय प्रेशर असतं; तिथे जे३० आर७ छाप्याचा होज चालतो (हा होजवर छापलेला दर्जाचा क्रमांक). पोर्ट इंजेक्शनला (इंजेक्टर सिलिंडरच्या आधी इनटेकमध्ये पेट्रोल फवारतो ती पद्धत) ४० ते ६० पीएसआय असू शकतं, तिथे आर९ छाप्याचा लागतो. पण तोही छोट्या जोडापुरता. मीटरभर गंजलेल्या पाइपऐवजी मीटरभर रबर ओढून देणं ही दुरुस्ती नव्हे. गंज दोन-तीन ठिकाणी खवले धरून असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाइप बदला.

नवा पाइप निकेल-कॉपरचा घ्या. तो गंजत नाही आणि हाताने वळतो. शुद्ध तांबं नको. हादऱ्यांनी कडक होऊन तडकतं. बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा, ८ आणि ९.५ मिलिमीटरचे पाइप नजरेला सारखेच वाटतात. जुना पाइप शक्यतो अख्खा काढा, वळणांचा नमुना तोच.

कापायला ट्यूब कटर. हॅकसॉचा चुरा आत जातो आणि इंजेक्टरपर्यंत पोचू शकतो. आतली कड घासा, हवेने फुंकून काढा. फ्लेअर मारण्याआधी, म्हणजे पाइपचं टोक फुलवण्याआधी, नट पाइपवर चढवा. हे विसरलं की फ्लेअर कापून पुन्हा मारावा लागतो, आणि विसरतं जवळजवळ प्रत्येक जण. नटाच्या जोडाला डबल फ्लेअर (फुलवलेली कड आत दुमडून दुहेरी केलेला) हवा, सिंगल फ्लेअरची कड चिरते.

होज लावायचा तर पाइपच्या टोकाला उंचवटा हवा, गुळगुळीत टोकावरून होज प्रेशरने निसटतो. होज किमान २५ मिलिमीटर आत सरकवा आणि क्लॅम्प उंचवट्याच्या मागे बसवा. इंजेक्शनच्या लाइनला गोल कडांचा फ्युएल क्लॅम्पच लावा. खाचांच्या पट्टीचा साधा क्लॅम्प जास्त आवळला की रबर कापतो.

पाइप दर ३०-४५ सेंटिमीटरला रबर असलेल्या क्लिपने धरा. एक्झॉस्टपासून लांब ठेवा, अॅक्सल वरखाली होताना कुठे घासणार नाही हे बघा.

फिल्टर नवा टाका, जुन्यात गंजाची पूड अडकलेली असते. फ्यूज आणि बॅटरी जोडा, इग्निशन तीन-चारदा ऑन-ऑफ करून पंपाला लाइन भरू द्या. डिझेलला हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) मारून ब्लीड स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढा. इंजिन सुरू ठेवून प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. मात्र डिझेलच्या इंजेक्शन पंपापुढच्या पाइपांजवळ हात नेऊ नका, तिथली पिचकारी कातडीतून आत शिरते. गाडी फिरवून इंजिन थंड झाल्यावर क्लॅम्प पुन्हा तपासा. नवं रबर बसल्यावर ते थोडे सैल पडतात.