व्हिसावर असा नाहीतर सिटिझन, प्रोग्रेसिव्ह उमेदवारासाठी ग्राउंडवर काम कसं करायचं

दर चार वर्षांनी अमेरिकेत प्रेसिडेंटची निवडणूक आली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप्सवर तेच सुरू होतं, याचं भाषण ऐकलं का, काय धुतलं समोरच्याला, मग क्लिप फॉरवर्ड, चार अंगठे आणि विषय संपला. क्लिपने मतं येत नाहीत हो. मतं येतात यादीने, म्हणजे कुठल्या रस्त्यावरच्या कुठल्या घरात कोण आपल्या बाजूचं आहे आणि तो माणूस त्या दिवशी खरंच मत द्यायला जाणार आहे का, हे कुणीतरी जाऊन विचारलेलं आणि टिपून ठेवलेलं असतं. ते काम व्हॉलंटियर करतात आणि ते करायला राजकारणाचा अनुभव वगैरे काही लागत नाही. खाली जे लिहितोय ते बरंचसं बर्नी सँडर्स या प्रोग्रेसिव्ह, म्हणजे डाव्या विचारांच्या सिनेटरच्या 2016 आणि 2020 च्या कॅम्पेनवरून, कारण बड्या डोनर्सना बाजूला ठेवून साध्या लोकांच्या जिवावर प्रेसिडेंटची प्रायमरी, म्हणजे पार्टीचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक, लढवायची कशी, आणि त्यात कमी कुठे पडतं, दोन्ही तिथे बघायला मिळालं.

पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच असतो की मी एचवनबीवर आहे, मला चालतं का? चालतं. पगार न घेता व्हॉलंटियर म्हणून फोन करणं, दारोदार जाणं, पत्रकं वाटणं याला फेडरल कायद्याची परवानगी आहे. चालत नाही ते म्हणजे पैसे देणं. एक डॉलरसुद्धा नाही, टीशर्ट विकत घेणं पण नाही कारण कॅम्पेनच्या स्टोअरमधली खरेदी हे डोनेशनच धरतात. आणि पैसा कुठे खर्च करायचा, स्टाफ कोण, असल्या निर्णयांच्या मीटिंगमध्ये पण बसायचं नाही. ग्रीन कार्ड असेल तर डोनेशन देता येतं, मत मात्र नाही. इथे एक गोष्ट फार जपा, डीएमव्हीत लायसन्सचं काम करताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे घाईघाईत हो करून टाकलं आणि तुम्ही सिटिझन नसाल तर पुढे इमिग्रेशनमध्ये महागात पडू शकतं, अगदी देशाबाहेर काढण्यापर्यंत. म्हणून दुसऱ्यांची नोंदणी करून घेताना पण आधी सिटिझन आहात ना हे विचारायचं आणि मगच फॉर्म पुढे करायचा. आणि जे नुकतेच सिटिझन झालेत त्यांना सांगा की शपथ घेतली म्हणून नाव आपोआप यादीत जात नाही, नोंदणी वेगळी करावी लागते.

दुसरं, तारखा. हे बोअरिंग आहे पण सगळ्यात जास्त मतं इथेच गळतात. प्रायमरीचे नियम प्रत्येक स्टेटचे वेगळे. न्यूयॉर्कची प्रायमरी क्लोज्ड, म्हणजे त्या पार्टीत नोंद असेल तरच मत. 2016 ला मतदान होतं 19 एप्रिलला आणि पार्टी बदलायची शेवटची तारीख होती 9 ऑक्टोबर 2015, म्हणजे सहा महिने आधी, जेव्हा अर्ध्या लोकांना निवडणूक आहे हेच माहीत नव्हतं! बर्नीला आवडणारे कितीतरी इंडिपेंडंट तिथे नुसते बघत बसले (आणि गंमत म्हणजे त्याच नियमामुळे ट्रम्पच्या दोन मुलांना स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नाही). न्यू हॅम्पशायरमध्ये कुठल्याच पार्टीत नाव नसलेल्याला कुठलीही प्रायमरी निवडता येते. न्यू जर्सीत अनअ‍ॅफिलिएटेड, म्हणजे कुठल्याच पार्टीत नोंद नसलेले, असाल तर मतदानाच्या दिवशी तिथेच पार्टी सांगता येते. कॅलिफोर्नियात पार्टी न लिहिलेल्यांना डेमोक्रॅटिक बॅलट स्वतःहून मागावा लागतो, नाहीतर घरी येतो त्यावर प्रेसिडेंटची रेसच नसते. शिवाय कॅलेंडर पण बदलतं, वर्षानुवर्षं आयोवा पहिलं होतं आणि 2024 ला डेमोक्रॅट्सनी साउथ कॅरोलायनाला पहिला नंबर दिला. म्हणून मागच्या वेळचं आठवून सांगू नका, स्टेटच्या निवडणूक खात्याच्या साइटवर बघूनच सांगा.

आता दारोदार जाणं. याची सगळ्यांना भीती वाटते आणि काम सगळ्यात जास्त यानेच होतं. कॅम्पेनच्या ऑफिसमध्ये गेलात की तुम्हाला एक टर्फ देतात, म्हणजे दोन-चार रस्त्यांचा तुकडा, आणि फोनवर मिनीव्हॅन नावाचं अ‍ॅप, त्यात घरं आणि मतदारांची नावं. सगळी घरं नसतात, आधी कोण मत देत आलंय त्यावरून निवडलेली असतात, त्यामुळे शेजारच्या घरी उगाच जाऊ नका. शक्यतो जोडीने जा. बेल वाजवली की दोन पावलं मागे येऊन उभं राहायचं, हातात पत्रक दिसेल असं धरायचं आणि हसून नाव सांगायचं. उच्चारांची काळजी नको, लोकांना तुमचा अ‍ॅक्सेंट ऐकून उलट उत्सुकता वाटते की हा माणूस एवढ्या थंडीत का फिरतोय.

मग स्क्रिप्ट येते, पण स्क्रिप्ट वाचून दाखवायची नसते. एकच प्रश्न विचारा, की तुमच्या घरात सध्या सगळ्यात जास्त टेन्शन कशाचं आहे, आणि गप्प बसा. खरंच गप्प बसा, हे आपल्या लोकांना जाम अवघड जातं. समोरचा इन्शुलिनच्या खर्चाबद्दल बोलेल, मुलीच्या कॉलेजच्या कर्जाबद्दल बोलेल, तेव्हा मेडिकेअर फॉर ऑल (सगळ्यांना सरकारी हेल्थ इन्शुरन्स) किंवा सरकारी कॉलेजची फी माफ किंवा 15 डॉलर किमान वेतन, यातलं जे त्याच्या बोलण्याला लागू होतं तेवढंच एक सांगायचं, जाहीरनामा नाही. तुमची स्वतःची गोष्ट असेल तर ती सांगा. एचवनबीवाल्याची नोकरी गेली की 60 दिवसांत दुसरी शोधा नाहीतर निघा, आणि त्याच वेळी कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स पण गेलेला असतो, हे अमेरिकन माणसाला माहीतच नसतं आणि ऐकल्यावर तो लगेच स्वतःचं सांगायला लागतो. वाद घालायचा नाही. विरोधक निघाला तर थँक्यू म्हणून पुढे, तुम्ही तिथे जिंकायला गेलेला नाही आहात, नोंद करायला गेलाय.

नोंद म्हणजे 1 ते 5. 1 म्हणजे पक्का आपला, 5 म्हणजे पक्का विरोधात. इथे प्रामाणिक राहा प्लीज. समोरचा गोड बोलला म्हणून 1 देऊ नका, मत देणार का असं थेट विचारल्यावर हो म्हणाला तरच 1. कारण शेवटच्या चार दिवसांत ऑफिस फक्त 1 आणि 2 वाल्यांनाच बाहेर काढायला धावतं, तिथे खोटे 1 भरलेले असतील तर सगळ्यांचे पाय फुकट दुखतात. घरात कुणी नसेल तर पत्रक दाराला अडकवा, पण मेलबॉक्समध्ये टाकू नका, स्टॅम्प नसलेलं काहीही त्यात टाकणं फेडरल कायद्याने बंद आहे.

तुमच्या स्टेटमध्ये प्रायमरी उशिरा असेल, न्यू जर्सीत 2016 ला 7 जूनला होती म्हणजे निकाल जवळजवळ लागल्यावर, तर घरबसल्या फोन बँक, म्हणजे यादीवरून दुसऱ्या स्टेटमधल्या मतदारांना फोन, करा किंवा गाडी काढा. बोस्टनवाल्यांना न्यू हॅम्पशायर तासाभरावर आहे आणि 2016 ला बर्नीने तिथे 60 टक्के घेतले. फोनमध्ये दहातले आठ कॉल उचलत नाहीत किंवा आपटतात, त्याचं मनावर घ्यायचं नाही.

आता एक कडू गोष्ट. 2020 ला 22 फेब्रुवारीला नेव्हाडात दणक्यात जिंकून बर्नी पुढे होता आणि आठवड्याभरात साउथ कॅरोलायनात बायडनने त्याला जवळपास 49 टक्के विरुद्ध 20 टक्के असा हरवला, मग बुटिजेज आणि क्लोबुशार हे बाकीचे दोन उमेदवार बाजूला झाले, बायडनला पाठिंबा दिला आणि 3 मार्चच्या सुपर ट्यूसडेला, म्हणजे बऱ्याच स्टेट्सची प्रायमरी एकदम असते त्या दिवशी, गाडी उलटी फिरली. कारणं बरीच आहेत, पण माझ्या मते एक हे पण की आपण व्हॉलंटियर आपल्यासारख्याच लोकांशी बोलत राहतो, तरुण, ऑनलाइन, आधीच पटलेले. साठीच्या पुढचे लोक, चर्चला जाणारे ब्लॅक मतदार, यांच्या दारात आपण गेलो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून टर्फ निवडायची संधी मिळाली तर कॉलेजजवळचा मागू नका.

आपल्या मराठी लोकांत काम करायचं असेल तर मंडळाच्या गणपतीत स्टॉल लावायचं डोक्यातून काढा. बरीच मंडळं आणि देवळं फाइव्ह-ओ-वन-सी-थ्री, म्हणजे टॅक्स माफ असलेल्या धर्मादाय संस्था, असतात, त्यांना कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, तुमच्यामुळे कमिटीच्या डोक्याला ताप होईल. त्यापेक्षा घरी बोलवा. जुलै 2015 मध्ये बर्नीने एकाच संध्याकाळी लाइव्हस्ट्रीमवरून देशभरातल्या तीन हजारांहून जास्त घरगुती मीटिंगांशी बोलून घेतलं होतं, लाखभर लोक होते. दहा-बारा जण पुरे, पोहे-चहा करा, पण यजमान सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला असू दे म्हणजे खर्चाचा घोळ नको. ग्रुपवर मेसेज टाकून कुणी येत नाही, एकेकाला फोन करा. काका असतील तर काकांना काकूंसमोर विचारा, खरं उत्तर काकूंकडून मिळतं 😄 आणि लोक उठायच्या आधी प्रत्येकाकडून व्हॉलंटियर कामाची एक शिफ्ट लिहून घ्या, तारीख आणि वेळेसकट, नाहीतर नुसतीच पार्टी झाली.

पैशाचं थोडक्यात. बर्नीची सरासरी देणगी 27 डॉलर म्हणून गाजली, ताकद त्यात होती की तोच माणूस परत परत देऊ शकतो. म्हणून एकदम मोठी रक्कम मागण्यापेक्षा महिन्याचे 10 डॉलर चालू करायला सांगा. एकूण 200 डॉलरच्या वर गेलं की नाव, गाव, नोकरी सगळं पब्लिक रेकॉर्डला दिसतं, हे आधी सांगून टाका, कुणाला ऑफिसमुळे नको असतं.

मतदानाच्या दिवशी पोलिंगच्या दारापासून ठरावीक अंतराच्या आत प्रचार चालत नाही, अंतर स्टेटप्रमाणे वेगळं, आणि टीशर्ट-बिल्ला पण त्यात येऊ शकतो. त्या दिवशी गाडीवाले सगळ्यात उपयोगी, आजीआजोबांना नेऊन आणा.

आणि उमेदवार हरला तर? यादी फेकू नका. 2016 आणि 2020 दोन्ही वेळी बर्नीने शेवटी प्रायमरी जिंकणाऱ्याला पाठिंबा दिला, लोक वैतागले, पण ज्यांच्याकडे आपापल्या भागातल्या 1 आणि 2 वाल्यांची नावं होती ते पुढच्या स्कूल बोर्डच्या, टाउन काउन्सिलच्या निवडणुकीला कामाला लागले. तुम्ही सिटिझन असाल तर तुमच्या काउंटीच्या पार्टी कमिटीत तुमच्या भागाची जागा रिकामी आहे का हे क्लार्ककडे विचारा, बऱ्याच ठिकाणी असते आणि फॉर्मला सह्या पण फार लागत नाहीत.