सांगली परिसरात कामासाठी जुनी छोटी गाडी घेताना

जुनी गाडी पाहायला बाहेर पडण्यापूर्वी एका वहीत आपल्या कामाचा एक पूर्ण आठवडा लिहून काढावा. सोमवारी तासगाव आणि मणेराजुरी, मंगळवारी विटा, बुधवारी जत, अशी गावे लिहावीत. त्यांच्यातील अंतरे, बरोबर न्यावयाचे सामान, शेवटचे दोन-चार किलोमीटर डांबरी आहेत की काळ्या मातीचे, आणि रात्री गाडी कोठे उभी राहणार, हेही त्यात यावे. द्राक्षबागांना लागणारी औषधे व खते पोहोचवण्याच्या कामासाठी मी स्वतः दोन जुन्या गाड्या घेतल्या. पहिली घेताना ही वही नव्हती, दुसरी घेताना होती, आणि त्या दोन व्यवहारांत जो फरक पडला त्यातूनच हे लेखन होत आहे.

वहीतून पहिली गोष्ट कळते ती इंधनाची. रोज साठ किलोमीटर आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर महिन्याला १,५०० किलोमीटर होतात. पेट्रोलवर लिटरला १८ किलोमीटर मिळतात असे धरून आणि पेट्रोलचा भाव १०५ रुपये मानून महिन्याचा खर्च ८,७५० रुपये येतो. तेच अंतर सीएनजीवर किलोला २५ किलोमीटर आणि भाव ९० रुपये धरल्यास ५,४०० रुपयांत होते. आकडे आपल्या भागातील भावाप्रमाणे बदलून घ्यावेत, पण हिशेब कागदावर मांडल्याशिवाय निर्णय करू नये. सीएनजीत बचत होते हे खरे असले, तरी टाकी डिकीतील बरीच जागा घेते, चढावर ओढ कमी पडते आणि फिरती जत, आटपाडीकडची असेल तर वाटेत पंप कोठे आहे हे आधी पाहावे लागते. बाहेरून सीएनजी किट बसवलेली गाडी असेल तर त्याची नोंद आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) झालेली आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी करावयाची दाबचाचणी झालेली आहे का, ही दोन्ही उत्तरे कागदावर मिळाली पाहिजेत. छोट्या डिझेल गाड्यांच्या मागे मात्र लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या विकणे बंद केले, त्यामुळे बाजारात दिसणाऱ्या तिच्या डिझेल गाड्या त्याआधीच्या आहेत आणि बहुतेक भरपूर पळालेल्या आहेत.

मॉडेलच्या बाबतीत एकच कसोटी पुरेशी वाटते: गाडी बंद पडली तर पलूस किंवा कवठेमहांकाळच्या मिस्त्रीकडे त्याच दिवशी सुटा भाग मिळेल का? अल्टो, वॅगनआर, सेलेरिओ, आय-टेन यांच्या बाबतीत उत्तर सहसा होकारार्थी असते. पोती, खोकी किंवा अवजारे न्यायची असतील तर उंच छताची वॅगनआर सोयीची पडते, तर गल्लीबोळात एकट्याने फिरायचे असेल तर अल्टो पुरते. महामार्गावर रोज जाणे असेल, म्हणजे पेठनाक्यावरून कराड, साताऱ्याकडे किंवा पुढे खंबाटकी ओलांडून पुण्याकडे, तर टाटाच्या टियागोचा विचार अवश्य करावा. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२० मध्ये जाहीर झालेल्या अपघात चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी तिला चार तारे मिळाले होते. शेव्हरोलेने २०१७ मध्ये, फोर्डने २०२१ मध्ये आणि डॅटसनने २०२२ मध्ये भारतातील व्यवसाय आवरता घेतला. त्यांच्या गाड्या आज स्वस्त दिसतात, पण कामाची गाडी एका सुट्या भागासाठी आठवडाभर उभी राहिली तर ती स्वस्ताई तेथेच संपते. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि त्याच वर्षी जुलैपासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. म्हणून अंदाजपत्रकात बसत असेल तर त्यानंतरचीच गाडी पाहावी.

आता सांगलीकरांनी सर्वांत जास्त वेळ जेथे द्यावा त्या मुद्द्याकडे येतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णा-वारणेचा पूर येथे घराघरांत शिरला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा शहराच्या जुन्या गावभागापासून शामरावनगरपर्यंत आणि नदीकाठच्या गावांत असंख्य गाड्या कित्येक दिवस पाण्याखाली उभ्या होत्या. त्या गाड्या नाहीशा झाल्या नाहीत. पूर्ण नुकसान झालेली गाडी विमा कंपनी भरपाई देऊन भंगार म्हणून लिलावात काढते, कोणी ती घेऊन धुऊन-पुसून, आसने बदलून पुन्हा बाजारात आणतो. माझी पहिली गाडी २०२० च्या फेब्रुवारीत घेतलेली होती. बाहेरून निर्मळ, आतून सुगंधी. जूनपर्यंत तिने काहीही तक्रार केली नाही. पावसाळा सुरू झाल्यावर आधी हॉर्न, मग स्टेअरिंगची मोटर आणि शेवटी इंधनाचा पंप बंद पडला. मिस्त्रीने पुढच्या आसनाखालचा गालिचा उचलला तेव्हा खाली पिठासारखी बारीक गाळाची माती साठलेली होती. वायरिंगच्या जोडण्यांना हिरवा गंज चढलेला होता. हा दोष इतक्या महिन्यांनी का दिसतो, याचे कारण सोपे आहे: पाणी निघून जाते, पण जोडण्यांच्या आत अडकलेला ओलावा तांबे हळूहळू खात राहतो, आणि आजच्या गाडीत एअरबॅगपासून इंजिनापर्यंत सर्व काही त्या जोडण्यांवर चालते. इंजिनात पाणी ओढले गेले असताना कोणी चावी फिरवली असेल तर नुकसान आणखी मोठे असते, कारण पाणी दबत नाही आणि पिस्टनला जोडणारा दांडा वाकतो.

म्हणून बॉनेट उघडण्याआधी ही तपासणी करावी. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावेत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ किंवा डाग असेल तर पाणी तेथपर्यंत आले होते असे समजावे, कारण पट्टा इतका बाहेर काढून धुण्याचे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आसने ज्या लोखंडी पट्ट्यांवर मागेपुढे सरकतात त्यांचे स्क्रू गंजलेले आहेत का, स्टेपनीखालच्या खोलगट भागात गाळ आहे का, फ्यूजच्या डब्यात पांढरट भुकटी दिसते का, दिव्यांच्या काचेत आतून पाण्याची रेघ उमटली आहे का, हे हात घालून आणि टॉर्च धरून पाहावे. गाडीत शिरताच अत्तराचा वास भरून आला तर सर्व काचा दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा आत बसावे. कुबट वास लपत नाही.

याच शोधाचा कागदोपत्री अर्धा भाग मला मिस्त्रीने नव्हे, तर एका विमा प्रतिनिधीने शिकवला. विक्रेत्याकडे केवळ चालू पॉलिसी न मागता २०१९ पासूनच्या सर्व पॉलिसी मागाव्यात आणि प्रत्येकीवर नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, टक्का पाहावा. दावा न केल्यास तो दरवर्षी वाढत २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांवर जातो. मालक तोच असताना २०१९ मध्ये ३५ टक्के असलेला बोनस २०२० मध्ये एकदम शून्य झाला असेल, तर मधल्या काळात बहुधा दावा झाला होता आणि तो कशाचा, हे विचारण्याचा तुम्हांला पूर्ण हक्क आहे. (मालक बदलला असल्यास बोनस मुळातच शून्यापासून सुरू होतो, हे ध्यानात ठेवावे.) त्याच बरोबर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या क्रमांकावरून झालेल्या कामांच्या नोंदी मिळवाव्यात. जुलै २०१९ पर्यंत नियमित सर्व्हिसिंग आणि नंतर कित्येक महिने नोंदच नाही, असे दिसले तर आरसीवरील त्या वेळचा पत्ता पूर आलेल्या भागातला आहे का, ते वाचावे. मी तो वाचला असता तर पहिली गाडी घेतली नसती. याच नोंदींत तारखेसमोर किलोमीटरही लिहिलेले असतात, त्यामुळे मीटर मागे फिरवलेला असल्यास तेथेच उघड होते.

यंत्राची तपासणी सकाळी, इंजिन थंड असताना करावी. येण्याची वेळ ठरवूनही गाडी आधीच सुरू करून ठेवलेली असेल, बॉनेटला हात लावल्यावर गरम लागत असेल, तर थंड स्थितीतील आवाज आणि धूर तुमच्यापासून लपवला जात आहे. अशा वेळी दुसऱ्या दिवशी परत यावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा धूर म्हणजे इंधन जास्त जाते आहे, आणि इंजिन तापल्यानंतरही दाट पांढरा धूर निघत राहिला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) सिलिंडरमध्ये शिरते आहे. ऑइलचे झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला दुधाळ साय दिसली तरीही तोच संशय घ्यावा. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. अल्टो ८०० सारख्या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो आणि तो तुटल्यास गाडी जागच्या जागी थांबते, म्हणून तो कधी बदलला हे बिलासह विचारावे. चालवून पाहताना केवळ गुळगुळीत रस्ता घेऊ नये. खड्ड्यांचा, गतिरोधकांचा आणि एखाद्या चढाचा रस्ता निवडावा, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर द्यावा. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट घसरते आहे. शक्यतो आपल्या ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. विक्रेत्याने सुचवलेला मिस्त्री घेऊ नये.

ठरलेल्या रकमेपैकी साधारण दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवूनच भाव करावा. चार टायर, बॅटरी, ऑइल आणि ब्रेकचे काम पहिल्या महिन्यातच निघते, हे मी दोन्ही वेळा अनुभवले.

आता कागदपत्रे. येथेही घाई नको. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर गाडीचा क्रमांक टाकून मालकाचे क्रमवारीतील स्थान, नोंदणीची आणि विम्याची मुदत, आणि कर्जाचा बोजा आहे का, हे आधी पाहावे. विक्रेत्याचे ओळखपत्र आणि आरसीवरील नाव जुळवून पाहावे. इंजिन व चासी क्रमांक आरसीशी अंक न अंक ताडून पाहावेत. बोजा असल्यास बँकेचा ना हरकत दाखला आणि बोजा उतरवण्याच्या नमुना ३५ वरील सही हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. ‘कर्ज फिटले आहे, कागद येतोय’ या वाक्यावर व्यवहार थांबवावा. थकलेले ई-चलान विक्रेत्याकडूनच भरून घ्यावे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का, तेही विचारावे. आपला जिल्हा कर्नाटकाला लागून असल्यामुळे अथणी, चिकोडीकडच्या गाड्या आकर्षक भावात समोर येतात. परंतु परराज्यातील गाडीला तेथील ना हरकत दाखला, येथे पुन्हा नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर भरणे हे सारे करावे लागते, तेव्हा तो खर्च जोडूनच भावाची तुलना करावी.

कामासाठी गाडी म्हणताना आणखी एक फरक लक्षात ठेवणे गरजेचे आहे. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून स्वतःच्या कामासाठी फिरता येते, मात्र भाडे घेऊन प्रवासी किंवा माल नेता येत नाही. शाळेची मुले सोडण्याचा किंवा विमानतळाच्या फेऱ्यांचा विचार असेल तर परवाना आणि पिवळी पाटी लागते, अन्यथा अपघात झाल्यावर विमा कंपनी नेमका हाच मुद्दा पुढे करते.

मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० सह्यांसह भरून द्यावे लागतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यातील व्यवहाराची माहिती विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत द्यावयाची असते. कोऱ्या सह्या करून फॉर्म एजंटाच्या फाइलमध्ये पडून राहण्याची सवय आपल्याकडे फार आहे, आणि ती दोघांनाही घातक आहे. नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विम्याच्या बाबतीत त्रयस्थाच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण आपल्याच गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर १४ दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच राहतो, म्हणून त्याच्या फरकाची रक्कम तुम्हांला भरावी लागेल हे गृहीत धरावे.

रक्कम बँकेतून द्यावी. गाडी ताब्यात घेताना तारीख, वेळ, मीटरवरील किलोमीटर आणि ‘या क्षणापर्यंतचे चलान व दायित्व विक्रेत्याचे’ हे वाक्य लिहिलेली ताबापावती दोन प्रतींत करून दोघांनी सह्या कराव्यात. विक्रेत्याला त्याचा फास्टॅग त्याच दिवशी बंद करायला सांगावे आणि आपला नवा घ्यावा, कारण किणी किंवा तासवडे नाक्यावर कापले जाणारे पैसे तोपर्यंत त्याच्याच खात्यातून जात राहतात.