जाळ्यात आलेले कासव मेले, असे लगेच ठरवू नका

कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांचा विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असा असतो आणि याच महिन्यांत मासेमारीही जोरात चालते. त्यामुळे वेळास, आंजर्ले किंवा गुहागरच्या वाळूकडे निघालेली मादी वाटेत ट्रॉलरच्या जाळ्यात शिरण्याची शक्यता मोठी असते. कासवाला कल्ले नसतात. त्याला श्वासासाठी पाण्यावर यावेच लागते. जाळे बराच वेळ ओढले गेले, तर ते वर येते तेव्हा त्याची मान लोंबलेली असते आणि हालचाल थांबलेली असते. खलाशी ते मेले असे समजून पुन्हा समुद्रात सोडतात आणि पुष्कळदा ते खऱ्या अर्थाने बुडते ते त्यानंतरच.

म्हणून प्रथम खात्री करावी. पापणीला बोटाने अगदी हलका स्पर्श करावा आणि शेपटीला हळूच चिमटा घ्यावा. पापणी किंचित थरथरली, तरी कासव जिवंत आहे. काहीच हालले नाही, तरीही अंग ताठरलेले नसेल किंवा कुजू लागलेले नसेल, तर ते बेशुद्ध आहे असेच धरून चालावे. त्याच्या डोळ्यांतून चिकट पाणी येताना दिसते, ते रडणे नव्हे. शरीरातील जादा मीठ ते तसे बाहेर टाकते.

बेशुद्ध कासवाला उताणे ठेवू नये. पोट खाली राहील असे ठेवून मागच्या बाजूखाली दोराची गुंडाळी किंवा जुना टायर सरकवावा आणि ती बाजू किमान अर्धा फूट उंच करावी, म्हणजे फुप्फुसात गेलेले पाणी तोंडावाटे ओघळू लागते. अधूनमधून कवचाची कड धरून एकदा डावी, एकदा उजवी बाजू दोन-तीन इंच उचलावी. कवचावर ओले गोणपाट टाकावे, पण नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात. पाणी भरलेल्या टाकीत त्याला मुळीच ठेवू नये, कारण शुद्ध नसलेले कासव वीतभर पाण्यातही बुडते. शुद्धीवर यायला चार तास लागतात, कधी पूर्ण दिवसही लागतो. धंद्याच्या घाईत एवढा वेळ थांबणे सोपे नाही, हे मान्य. पण त्यासाठी डेकच्या कोपऱ्यातील सावलीची थोडी जागा पुरते.

उचलताना पायांना धरून ओढू नये, कारण सांधे निखळतात. मोठी मादी चाळीस किलोच्या आसपास भरते, तेव्हा दोघांनी कवच पुढून आणि मागून धरावे. कासव स्वतःहून मान उचलू लागले आणि पाय मारू लागले की जाळी वर घ्यावीत, इंजिन न्यूट्रलवर आणावे, पंखा थांबल्याची खात्री करावी आणि होडीच्या मागच्या बाजूने, पाण्याच्या शक्य तितके जवळ नेऊन, डोके पुढे ठेवून सोडावे.

जाळे गुंतलेले असेल, तर कासव वाचवून जाळे कापावे. महाराष्ट्र शासनाच्या डिसेंबर 2018 पासूनच्या योजनेनुसार संरक्षित सागरी जीव सोडवताना जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. त्यासाठी गुंतलेल्या प्राण्याची आणि सुटकेची छायाचित्रे किंवा चित्रफीत मात्र हवी. फोन हाताशी ठेवणारा खलाशी आधीच ठरवून ठेवावा. समुद्री कासवाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, हे खरे. पण माझ्या मते डेकवर त्याहून मोठे कारण वेगळे आहे. ऑलिव्ह रिडले वयात यायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि हजार पिल्लांमागे जेमतेम एखादे तिथवर पोचते असे मानले जाते. किनाऱ्यावर कितीही घरटी राखली, तरी जाळ्यात बुडालेल्या एका मादीची जागा लवकर भरून निघत नाही.

किनाऱ्यावर अशक्त कासव आढळले, तर त्याला लाटांत परत ढकलू नये. फुप्फुसाच्या आजाराने किंवा जाळ्याने पाय तुटल्यामुळे त्याला बुडी मारता येत नसते, म्हणूनच ते किनाऱ्याला लागलेले असते. कुत्र्यांना आणि गर्दीला दूर ठेवून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

पुढच्या पायावर धातूचा बिल्ला दिसला, तर तो काढू नये. क्रमांक वाचून घ्यावा आणि जवळून छायाचित्र काढून वनविभागाला द्यावे. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली, ती या क्रमांकावरूनच ओळखू आली.